विश्लेषण : हिमालयात छोटी विमाने डोंगराला का धडकतात? सुरक्षित उड्डाणाचे गणित काय?

पोखरा ते जोमसोम हा विमानप्रवास जेमतेम वीस-पंचवीस मिनिटांचा. रस्त्याने तेच अंतर कापायला जवळपास अख्खा दिवस जातो. त्यामुळे मुक्तिनाथच्या दर्शनाला निघालेले महाराष्ट्रातील अनेक यात्रेकरू या मार्गावरील १९ आसनी विमानांना पसंती देतात. २९ मे २०२२ रोजी सकाळी पोखराहून निघालेले तारा एअरचे ट्विन ऑटर विमान उड्डाणानंतर काही मिनिटांतच संपर्काबाहेर गेले. दुसऱ्या दिवशी मुस्तांग जिल्ह्यातील सानोसवारे येथे, सुमारे १४,५०० फुटांवरील कड्यावर त्याचे अवशेष सापडले. विमानातील २२ पैकी कोणीही वाचले नाही. मृतांमध्ये ठाण्यातील एका कुटुंबातील चौघे होते. या अपघाताच्या चौकशी अहवालातून जे समोर आले ते डोंगरातील जवळपास प्रत्येक छोट्या विमानाला लागू पडते. अशी विमाने नेमकी कशामुळे अडकतात आणि ती सुरक्षित उडवण्याचे नियम काय आहेत, याचा हा आढावा.

विमान ठणठणीत असताना अपघात कसा?

चौकशी समितीने काढलेला निष्कर्ष थोडक्यात असा : विमान नकळत ढगाळ वातावरणात शिरले, वैमानिकांना ठरलेला मार्ग राखता आला नाही, आणि पुढे डोंगर आहे असा इशारा देणारी यंत्रणा त्या वेळी बंद करून ठेवलेली होती. विमान वाहतुकीच्या भाषेत अशा अपघाताला ‘कंट्रोल्ड फ्लाइट इंटू टेरेन’ म्हणतात. म्हणजे विमान वैमानिकाच्या पूर्ण ताब्यात आहे, उडण्यायोग्य आहे, आणि तरीही ते थेट जमिनीवर किंवा डोंगरावर जाऊन आदळते. शेवटच्या काही क्षणांपर्यंत आत बसलेल्यांना काही विपरीत घडते आहे याची कल्पनाही नसते.

याच मार्गावर, याच कंपनीचे, याच जातीचे विमान २४ फेब्रुवारी २०१६ रोजीही कोसळले होते. त्यात २३ जण मरण पावले. तेव्हाच्या चौकशीतही वैमानिकांनी वारंवार ढगात शिरण्याचा घेतलेला निर्णय आणि त्यातून सुटलेला मार्ग हेच कारण पुढे आले. सहा वर्षांच्या अंतराने दोन अहवाल जवळजवळ एकच गोष्ट सांगतात. ‘निसर्गाचा कोप’ म्हणून अशा घटना सोडून देता येत नाहीत, त्या यामुळेच.

हा प्रकार केवळ हिमालयापुरता किंवा छोट्या विमानांपुरता नाही. ७ जुलै १९६२ रोजी मुंबईकडे येणारे अलितालियाचे डीसी-८ हे मोठे जेट विमान जुन्नर परिसरातील डोंगरावर आदळले आणि ९४ जण दगावले. सह्याद्रीचे ते डोंगर हिमालयाच्या तुलनेत टेकड्याच. विमान वेळेआधी खाली उतरले एवढेच कारण पुरले. २४ जानेवारी १९६६ रोजी डॉ. होमी भाभा ज्या एअर इंडियाच्या ‘कांचनजंगा’ विमानात होते, तेही माँ ब्लां पर्वतावर आदळले. आपण पर्वत ओलांडला आहे, असा वैमानिकाचा समज झाला होता. मोठ्या जेट विमानांपुरता हा धोका पुढे बराच कमी झाला, कारण ती पर्वतांच्या कितीतरी वरून उडतात आणि रडार व उपकरणांच्या आधारे उतरतात. छोट्या विमानाला ती सोय नाही. ते पर्वतांच्या वरून जात नाही, त्यांच्या मधून जाते.

मग ती वरूनच का जात नाहीत?

ट्विन ऑटर हे विमान कॅनडाच्या डी हॅविलंड कंपनीने तयार केले आणि १९६५ मध्ये ते पहिल्यांदा उडाले. आखूड, खडबडीत धावपट्टीवर उतरण्यासाठी त्याच्यासारखे दुसरे विमान शोधणे आजही कठीण. म्हणूनच १९८८ मध्ये थांबलेले त्याचे उत्पादन दोन दशकांनंतर नव्या कंपनीला पुन्हा सुरू करावे लागले. मात्र त्याच्या केबिनमध्ये मोठ्या विमानासारखा हवेचा दाब राखलेला नसतो. बाहेर जितकी विरळ हवा तितकीच आत. अमेरिकी नियमांनुसार अशा विमानातील वैमानिकांना १२,५०० फुटांच्या वर अर्ध्या तासापेक्षा जास्त काळ आणि १४,००० फुटांच्या वर पूर्ण वेळ कृत्रिम प्राणवायू घ्यावा लागतो. १५,००० फुटांच्या वर तो प्रवाशांनाही उपलब्ध करून द्यावा लागतो. प्राणवायू कमी पडला की माणूस लगेच बेशुद्ध पडत नाही. आधी त्याचा निर्णय घसरतो, आणि आपला निर्णय घसरला आहे हे त्याला कळत नाही.

पोखरा-जोमसोम मार्गावर एका बाजूला ८,१६७ मीटरचा धवलगिरी आणि दुसऱ्या बाजूला ८,०९१ मीटरचे अन्नपूर्णा शिखर. त्यांच्यामधून काली गंडकी नदीने दरी कोरली आहे. देव्हाऱ्यातले शाळिग्राम येतात ते याच नदीतून. विमान या दरीतून, दोन्ही बाजूंचे डोंगर डोळ्यांनी पाहत पुढे सरकते. याला ‘व्हिज्युअल फ्लाइट रूल्स’ किंवा ‘व्हीएफआर’ म्हणतात. वैमानिकाला बाहेरचे दिसते आहे, हीच या पद्धतीची एकमेव अट आणि एकमेव सुरक्षा.

विरळ हवेने काय बिघडते?

उंचीवर हवा विरळ होते हे सर्वांना ठाऊक असते. तापमान वाढले की ती आणखी विरळ होते, हे मात्र सहसा लक्षात येत नाही. वैमानिक यासाठी ‘डेन्सिटी अल्टिट्यूड’ ही संज्ञा वापरतात. विमानतळ नकाशावर किती उंचीवर आहे, यापेक्षा विमानाला तो किती उंचीवर ‘वाटतो’, हे त्यातून कळते. ढोबळ हिशेब असा : समुद्रसपाटीला प्रमाण तापमान १५ अंश धरतात आणि दर हजार फुटांना ते सुमारे दोन अंशांनी उतरते. त्या प्रमाणापेक्षा प्रत्यक्ष तापमान जेवढे अंश जास्त, तेवढ्या वेळा १२० फूट वाढवायचे.

जोमसोमचा विमानतळ जवळपास ९,००० फुटांवर आहे. तिथे प्रमाण तापमान उणे ३ अंश यायला हवे. एखाद्या सकाळी ते २० अंश असेल तर फरक २३ अंशांचा. म्हणजे विमानाच्या दृष्टीने तो विमानतळ ९,००० नव्हे, तर साधारण ११,७५० फुटांवर आहे. त्या हवेत पंखांना उचल कमी मिळते, पंख्याला पकड कमी मिळते आणि इंजिनाची ताकदही घटते. टर्बोचार्जर नसलेल्या पिस्टन इंजिनाची ताकद दर हजार फुटांना सुमारे तीन टक्क्यांनी कमी होते. १०,६८२ फुटांवरील लेह विमानतळावर जुलै २०२४ च्या अखेरीस उन्हाच्या तडाख्यामुळे विमाने रद्द करावी लागली होती, ती याच कारणाने. लडाखमध्ये उकाड्याने विमान रद्द झाले, हे ऐकून तेव्हा अनेकांना गंमत वाटली होती.

यात आणखी एक फसवा भाग आहे. वैमानिकासमोरचा वेगदर्शक काटा हवेच्या दाबावर चालतो. विरळ हवेत तो नेहमीचाच वेग दाखवतो, पण विमान प्रत्यक्षात त्याहून वेगाने जात असते. दर हजार फुटांना सुमारे दोन टक्के, असा अंदाज धरतात. काट्यावर ७० नॉट दिसत असताना ९,००० फुटांवर विमान खरे तर ८० नॉटच्या पुढे असते. धावपट्टी त्यामुळे लवकर संपते. आणि वळण मोठे होते.

वळायला किती जागा लागते?

डोंगरातल्या उड्डाणाचे सारे गणित या एका प्रश्नाभोवती फिरते. घाटात पुढे रस्ता बंद असला तर गाडी थांबवता येते, मागे घेता येते. विमान थांबू शकत नाही आणि त्याला रिव्हर्स गिअर नाही. परतायचे तर वळावेच लागते आणि वळायला दरीची रुंदी पुरायला हवी.

विमान ३० अंश कलवून १४० नॉटने, म्हणजे ताशी सुमारे २६० किलोमीटर वेगाने वळवले तर उलट दिशेला तोंड होईपर्यंत १.८ किलोमीटर रुंदीची जागा लागते. तेच विमान ८० नॉटवर आणले तर ६०० मीटर पुरतात. वेग दुप्पट झाला की वळणाचा व्याप चौपट होतो, हा भौतिकशास्त्राचा साधा नियम आहे. म्हणून हवामान शंकास्पद वाटू लागताच वेग कमी करणे ही प्रशिक्षणात पहिल्या दिवसापासून शिकवली जाणारी गोष्ट. विमान अधिक कलवूनही वळण लहान करता येते, पण त्याची किंमत आहे. ४५ अंश कललेले विमान ज्या वेगाला उचल गमावून पडू लागते, तो वेग सरळ उड्डाणापेक्षा १९ टक्क्यांनी जास्त असतो. ६० अंशांना तो ४१ टक्के जास्त. समोर अचानक कडा दिसल्यावर घाबरून विमान करकचून वळवणारा वैमानिक कड्याला धडकण्याआधीच खाली कोसळू शकतो.

दरीच्या मध्यातून उडू नये, हा नियम यातूनच आला. नवख्याला मध्य सुरक्षित वाटतो, कारण दोन्ही कडे सारखेच लांब दिसतात. प्रत्यक्षात मध्यातून उडणाऱ्याला वळायला फक्त अर्धी दरी मिळते. एका कडेने उडणाऱ्याला पूर्ण मिळते. कोणती कड, तर वारा ज्या उतारावर जाऊन आपटतो आणि वर चढतो ती; तिथे विमानाला फुकटची उचलही मिळते. समोरून विमान येण्याची शक्यता असलेल्या दऱ्यांत उजवी बाजू धरण्याची प्रथा आहे.

दरीचा तळही स्थिर नसतो. ९० नॉटने जाणारे विमान मिनिटाला ५०० फूट चढत असेल, तर ते एका किलोमीटरला साधारण १८० फूट वर जाते. दरीचा तळ चार किलोमीटरमध्ये हजार फूट चढला, म्हणजे किलोमीटरला २५० फूट, तर पूर्ण ताकदीने चढणारे विमानही शर्यत हरते. वैमानिकाला हे उशिरा कळते, कारण समोरचा चढ क्षितिजासारखा भासतो. तो नकळत नाक उचलत राहतो आणि वेग गळत राहतो. त्यामुळे अनोळखी दरीत खालून वर शिरू नये, आधी पुरेशी उंची गाठून दरीच्या माथ्याकडून खाली यावे, असे अलास्का आणि रॉकी पर्वतांतले जुने वैमानिक सांगत आले आहेत. उताराच्या दिशेने तोंड असले की चुकले तरी वाट मोकळी असते.

वारा कुठे घात करतो?

नदीच्या पात्रात मोठा खडक असला की खडकाच्या पुढे पाणी चढते आणि मागे भोवरा होतो. वाऱ्याचे डोंगराशी तसेच असते. वाऱ्याच्या बाजूच्या उतारावर हवा वर जाते आणि पलीकडच्या बाजूला खाली कोसळते. हा खाली जाणारा झोत मिनिटाला हजार फुटांहून अधिक असू शकतो. तेवढ्या उंचीवर छोट्या विमानाची चढण्याची क्षमता मिनिटाला तीन-चारशे फूट असते. पूर्ण ताकद लावूनही विमान खालीच जाते.

त्यामुळे धार ओलांडण्याचे काही संकेत ठरलेले आहेत. धारेपासून किमान हजार फूट वरून जायचे. वारा असेल तर दोन हजार. शिखराच्या पातळीवरचा वारा २०-२५ नॉटच्या पुढे असेल तर छोट्या विमानाने तो दिवस सोडून द्यायचा. आणि धारेकडे काटकोनात जायचे नाही, ४५ अंशांच्या तिरक्या रेषेत जायचे. सरळ गेले तर परतायला पूर्ण अर्धवर्तुळ वळावे लागते. तिरके गेले तर थोड्याशा वळणाने विमान पुन्हा मोकळ्या बाजूला येते. धारेच्या पलीकडचे दृश्य जवळ येताना वाढत असेल तर विमान पुरेसे उंच आहे. ते आकसत असेल तर नाही. या साध्या निरीक्षणाला कोणत्याही उपकरणाची गरज लागत नाही.

मोठ्या शिखरांच्या पलीकडे वाऱ्याच्या लाटा कित्येक किलोमीटर पसरतात. भिंगाच्या आकाराचे, जागचे न हलणारे ढग ही त्यांची खूण. ५ मार्च १९६६ रोजी जपानमधील फुजी पर्वताजवळ स्वच्छ आकाशात अशाच खळबळीने बीओएसी कंपनीच्या बोइंग ७०७ चे हवेतच तुकडे झाले आणि १२४ जण ठार झाले. एवढ्या मोठ्या विमानाची ही गत, मग १९ आसनीची काय असेल!

काली गंडकीच्या खोऱ्यातला वारा मात्र घड्याळ लावून येतो. सूर्य वर आला की उत्तरेकडचे मुस्तांगचे उघडे पठार तापते, तिथली हवा वर जाते आणि तिची जागा भरायला दक्षिणेकडची हवा अरुंद दरीतून वेगाने धावू लागते. सकाळी उशिरापासून संध्याकाळपर्यंत हा वारा इतका जोरदार असतो की जोमसोमची विमाने सकाळीच उरकावी लागतात. अकराच्या सुमारास विमानतळ बहुधा शांत होतो. पण यातून दुसरीच अडचण उभी राहते. पहाटे ढग असतील तर ते हटण्याची वाट पाहावी लागते आणि ते हटेपर्यंत वाऱ्याची वेळ होते. ‘आता नाही तर आज नाही’ हा दबाव प्रत्येक फेरीवर असतो. त्यात खाली प्रवासी ताटकळलेले असतात, आधीच्या दिवशीचे उरलेलेही असतात.

ढगात शिरल्यावर काय होते?

अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात १९५४ मध्ये एक प्रयोग झाला. उपकरणांवर उडण्याचे प्रशिक्षण नसलेल्या २० शिकाऊ वैमानिकांना ढगात शिरल्यासारखी परिस्थिती दिली गेली. सर्वच्या सर्व २० जणांचा ताबा सुटला. त्याला लागलेला सरासरी वेळ होता १७८ सेकंद. तीन मिनिटेही नाहीत. बाहेरचे क्षितिज दिसेनासे झाले की कानातील तोल सांभाळणारी यंत्रणा खोटे सांगू लागते. वळणारे विमान सरळ चालले आहे असे वाटते.

व्यावसायिक वैमानिकांना उपकरणांवर उडणे येत असते, त्यामुळे त्यांचा ताबा सहसा असा सुटत नाही. त्यांचा प्रश्न वेगळा आहे. विमान सरळ ठेवता आले तरी दरी सरळ नसते. ढगात शिरल्यावर दोन मिनिटे दिशा किंचित चुकली, तर विमान एका दरीतून शेजारच्या दरीत किंवा थेट डोंगराच्या सोंडेवर जाते. सपाट प्रदेशात ढगात अडकलेला वैमानिक वर चढतो आणि रडारची मदत घेतो. इथे दोन्ही बाजूंना आठ हजार मीटरची शिखरे आहेत, त्यामुळे झटपट वर जाऊन सुटका नाही आणि डोंगराआड रडारही पोहोचत नाही. उरतो तो एकच सुरक्षित मार्ग : ढगात शिरण्याआधीच मागे फिरणे.

पुढच्या वळणानंतर मोकळे असेल, ही आशाच बहुधा घात करते. वैमानिक शेकडो वेळा त्या मार्गाने गेलेला असतो. ढगाच्या पट्ट्यातून तो आधीही सुखरूप बाहेर आलेला असतो. अनुभव इथे उपयोगी पडतो तसाच तो धीटही करतो.

इशारा देणारे यंत्र बंद का ठेवतात?

अशा अपघातांवरचा सर्वांत प्रभावी उपाय शोधला तो अभियंता डॉन बेटमन यांनी. अलास्कात जुनोजवळ १९७१ मध्ये बोइंग ७२७ डोंगरावर आदळून १११ जण मरण पावले. बेटमन आधीपासूनच जमीन जवळ आल्याचा इशारा देणाऱ्या यंत्रावर काम करत होते. डिसेंबर १९७४ मध्ये वॉशिंग्टनजवळ आणखी एक ७२७ डोंगरावर आदळले, ९२ बळी गेले, आणि त्यानंतर अमेरिकेने मोठ्या प्रवासी विमानांत हे यंत्र सक्तीचे केले. सुरुवातीच्या यंत्राचा दोष असा की ते फक्त विमानाच्या पोटाखाली पाहत असे; समोरचा उभा कडा त्याला दिसत नसे. बेटमन यांनी मग संपूर्ण जगाच्या भूभागाची उंची साठवलेले यंत्र तयार करायला घेतले. त्यासाठी सोव्हिएत संघ कोसळल्यानंतर तिथले लष्करी नकाशेही मिळवण्यात आले. जीपीएसमुळे विमान कुठे आहे हे कळते, नकाशामुळे पुढे काय आहे हे कळते, आणि यंत्र ‘टेरेन, पुल अप’ असे ओरडते. मोठ्या विमानांचे डोंगरावर आदळणे त्यानंतर दुर्मीळ झाले. या कामासाठी बेटमन यांना अमेरिकेचे राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक मिळाले.

हेच यंत्र त्या ट्विन ऑटरमध्ये होते. पण दरीतून उडणाऱ्या विमानाच्या दोन्ही बाजूंना कायम डोंगर असतो. यंत्राच्या दृष्टीने ते सतत धोक्यात असते, त्यामुळे इशारेही सतत वाजतात. स्वच्छ हवेत, डोळ्यांनी सारे दिसत असताना, तो आवाज निव्वळ त्रास ठरतो आणि वैमानिक बटण दाबून तो बंद करतात. स्वच्छ हवेपुरते हे समजण्यासारखेही आहे. ढग आल्यावर ते बटण पुन्हा दाबायचे राहून जाते, ही खरी अडचण. ज्या मार्गावर यंत्राची गरज सर्वाधिक, तिथेच ते मुके असते. दोष एकट्या वैमानिकाच्या माथी मारणे सोपे आहे, पण ज्या वापरासाठी यंत्र तयारच झाले नाही तिथे ते बसवून ‘सुरक्षा वाढवली’ असे मानणाऱ्या व्यवस्थेचाही त्यात वाटा आहे.

अलास्काने काय केले?

अलास्कातील परिस्थिती नेपाळच्या जवळ जाणारी आहे. तिथेही अनेक गावांना रस्ता नाही, छोटी विमाने हीच एसटी, आणि मधे खिंडी. तिथल्या विमान वाहतूक प्रशासनाने दोन साध्या गोष्टी केल्या. एक म्हणजे खिंडींत आणि धावपट्ट्यांवर कॅमेरे बसवले. आज अलास्कात असे दोनशेहून अधिक कॅमेरे आहेत. वैमानिक निघण्याआधीच पुढची खिंड या क्षणी कशी आहे ते पाहतो आणि स्वच्छ दिवसाच्या छायाचित्राशी ताडून बघतो. हवामानाच्या अंदाजात ‘अंशतः ढगाळ’ असते, कॅमेऱ्यात खिंड बंद दिसते. निर्णय घ्यायला दुसरे काही लागत नाही. पुढे कोलोरॅडोसारख्या पर्वतीय राज्यानेही हा मार्ग स्वीकारला.

दुसरी गोष्ट म्हणजे ‘कॅपस्टोन’ हा कार्यक्रम. त्यात छोट्या विमानांना भूभागाचा नकाशा, हवामान आणि आसपासची विमाने दाखवणारे पडदे बसवून दिले गेले. २००० ते २००४ या काळात असे पडदे असलेल्या विमानांचे अपघाताचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले, असे तेथील प्रशासनाने नोंदवले आहे.

नेपाळमध्ये काय बदलले?

मे २०२२ च्या अपघातानंतर नेपाळच्या नागरी विमान वाहतूक प्राधिकरणाने लगेचच एक निर्णय घेतला. केवळ निघण्याच्या आणि उतरण्याच्या ठिकाणचे नव्हे, तर संपूर्ण मार्गावरील हवामान अनुकूल असेल तरच छोट्या विमानांना परवानगी द्यायची. निर्णय योग्यच, पण मधल्या दरीत हवामान कसे आहे हे सांगणारी पुरेशी साधने तिथे असतील तरच तो पाळता येतो. शिवाय या प्राधिकरणाकडेच विमानतळ चालवण्याचे आणि नियम पाळले जातात की नाही हे पाहण्याचे, अशी दोन्ही कामे आहेत. ती वेगळी करावीत ही सूचना जुनी आहे. युरोपीय संघाने डिसेंबर २०१३ मध्ये नेपाळच्या सर्व विमान कंपन्यांना आपल्या हद्दीत बंदी घातली, तेव्हा देखरेखीतील त्रुटी हाच मुद्दा होता.

भारतातही हा विषय दूरचा नाही. १५ जून २०२५ रोजी केदारनाथहून निघालेले हेलिकॉप्टर गौरीकुंडजवळ कोसळले आणि सात जणांचा मृत्यू झाला. त्यात यवतमाळ जिल्ह्यातील वणीचे दाम्पत्य आणि त्यांची दोन वर्षांची मुलगी होती. हेलिकॉप्टर हवेत थांबू शकते, हा त्याचा विमानावरचा फायदा. ढगांनी भरलेल्या अरुंद खोऱ्यात तो फारसा कामी येत नाही.

प्रवाशांच्या हाती काय?

विमान उडवणे प्रवाशाच्या हाती नसते, पण दबाव वाढवणे किंवा कमी करणे असते. काउंटरवर ‘बाकीची विमाने गेली, आमचेच का नाही’ म्हणून भांडणाऱ्या गटाचा परिणाम होत नाही, असे कोणी म्हणू नये. यात्रा कंपन्या मुक्तिनाथची सहल आखताना परतीचे काठमांडू-मुंबई विमान अगदी लागून ठेवतात. जोमसोमची फेरी एक दिवस हुकली की सारे वेळापत्रक कोलमडते. सहल ठरवतानाच एखादा मोकळा दिवस मागून घेणे हे त्यावर सर्वांत स्वस्त औषध. एव्हरेस्टच्या वाटेवरील लुक्लाला जाणारे गिर्यारोहक असे दोन-तीन दिवस हातचे राखतात. लुक्लाची धावपट्टी अवघी ५२७ मीटर लांब आहे आणि तिचा चढ जवळपास १२ टक्के. तिच्या टोकाला डोंगर असल्याने शेवटच्या टप्प्यात उतरणे रद्द करून पुन्हा वर जाण्याची सोय नाही. त्यामुळे तिथे हवामान जरा बिघडले तरी विमाने निघतच नाहीत, आणि तिथला नेहमीचा प्रवासी त्याबद्दल कुरकुरही करत नाही.

पोखराहून शक्यतो सकाळची पहिली फेरी घ्यावी. तेव्हा वारा पडलेला असतो, हवा थंड आणि दाट असते. ती रद्द झाली तर जीप आणि बस आहेत. बेनी, तातोपानी, घासा अशी गावे मागे टाकत, खडखडत, रात्रीपर्यंत जोमसोम गाठता येते. मुक्तिनाथचे दर्शन मग दुसऱ्या दिवशी.